घरगुती बायोगॅस: खुराक किती, गॅस किती आणि गळती किती?

चुलांगण

ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रांबद्दल शोधायला गेलं की एकतर विक्रेत्यांची पत्रकं सापडतात, नाहीतर "बसवलं, सहा महिन्यांत बंद पडलं" एवढीच ओळ. मधली माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. संयंत्र जोडणारे, दुरुस्त करणारे आणि गोठ्याचा अनुभव असलेले इथे बरेच आहेत. आकड्यांसकट लिहा.

सुरुवात खुराकापासून करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या एकमेकींत उपड्या घालून छोटं संयंत्र तयार केलं आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन हा शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी पिष्टमय पदार्थ वापरायचे, हा त्यातला महत्त्वाचा विचार. २ किलो खुराकातून अर्धा किलो मिथेन, हा आकडा तिथूनच सगळीकडे पसरला. आकडा बरोबर आहे, पण तो कोरड्या पिठासारख्या खुराकाचा आहे. लोक तो २ किलो भाजीच्या देठांना लावतात आणि मग निराश होतात.

एक किलो खुराकातून साधारण किती गॅस निघतो:
- कोरडं, किडलेलं पीठ: ६०० लिटरच्या आसपास
- शिळी पोळी, भाकरी: ४०० लिटर
- शिळा भात: २०० लिटर
- भाजीचे देठ, फळांच्या साली: ४० ते ६० लिटर
- ताजं शेण: ४० लिटर

म्हणजे दुधी-पालकाच्या सालींची बादली आणि शेणाची बादली गॅसच्या बाबतीत जवळपास सारखीच. फरक पडतो तो उरलेल्या अन्नाने.

आता चार-पाच माणसांच्या घराचा हिशेब. रोजचं १ किलो शिळं अन्न आणि २ किलो देठ-साली धरल्या तर कागदावर ३५० लिटर आणि प्रत्यक्ष हाती ३०० लिटर गॅस. पिष्टमय खुराकाच्या गॅसमध्ये मिथेन ५० ते ५५ टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एवढ्यावर एक बर्नर ४० मिनिटं चालतो. एलपीजीच्या भाषेत रोजचे ११० ग्रॅम, महिन्याचे सव्वातीन किलो. म्हणजे चार महिन्यांच्या थोडं वर गेलं की एक १४.२ किलोचा सिलिंडर वाचतो. "सिलिंडर लागतच नाही" असं कुणी सांगत असेल, तर त्यांच्याकडे जवळच्या खानावळीचं उरलेलं अन्न येत असणार.

रोज १ किलो शिळं अन्न टाकण्याएवढं उरत असेल तर त्या घराने आधी स्वयंपाकाचा अंदाज सुधारावा, हेही मनापासून सांगतो. भात वाया घालवून त्याचा गॅस करण्यापेक्षा तो भात न शिजवण्याने हवामानावरचा भार कितीतरी कमी होतो.

नळजोड

उत्तम सुरुवात. जोडणीचं मी लिहितो.

प्रचलित नमुना: १००० लिटरची काळी टाकी, वरचा भाग कापलेली, ही पाचक टाकी. तिच्यात ७५० लिटरची टाकी, तीही तोंड कापून, उपडी. ती गॅस साठला की वर येते, वापरला की खाली जाते. विकत घेण्याआधी दोन्हींचे व्यास टेपने मोजा. क्षमता तीच असली तरी प्रत्येक कंपनीचा व्यास वेगळा असतो, आणि आतली टाकी बाहेरच्या टाकीच्या कडांना अडकली तर सगळं फुकट.

- खुराकाचा पाइप ११० मिमीचा पीव्हीसी. आतलं टोक तळापासून १५ सेंमीवर, टाकीच्या मध्याकडे वळवलेलं. बाहेरचं तोंड स्लरीच्या (टाकीतल्या पातळ काल्याच्या) पातळीच्या किमान ३० सेंमी वर.
- स्लरी बाहेर पडायचा पाइप समोरच्या बाजूला, कडेच्या १० सेंमी खाली, ६३ किंवा ७५ मिमी. त्यापेक्षा बारीक घेतलात तर तंतूंनी तुंबतो.
- उपड्या टाकीच्या डोक्यावर १ इंची टँक निपल, आतून-बाहेरून रबरी वॉशर, मग बॉल व्हॉल्व्ह. इथे एम-सीलवर भिस्त ठेवू नका. उन्हात प्लॅस्टिक प्रसरण पावतं आणि एम-सीलला तडा जातो. वॉशरच लागतो.
- टाकी तिरपी होऊ नये म्हणून बाहेरून तीन किंवा चार उभे पाइप.

आता ज्यावर फार कमी बोललं जातं ते. या नमुन्यात दोन टाक्यांमध्ये जी गोल फट राहते, ती उघडी असते. बाहेरची टाकी ११० सेंमी आणि आतली १०० सेंमी असेल तर फट प्रत्येक बाजूला ५ सेंमी. ऐकायला किरकोळ वाटते, पण क्षेत्रफळ काढा: एकूण तोंडाच्या १७ टक्के. बुडबुडे टाकीत सगळीकडून वर येतात, म्हणून त्यातला जवळपास तेवढाच वाटा फटीतून थेट हवेत जातो. फट अडीच सेंमीवर आणली तर हा वाटा ९ टक्क्यांवर येतो.

चुलांगण

नळजोड, हा मुद्दा आणखी पुढे न्यायला हवा. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. ३०० लिटर गॅसमध्ये मिथेन साधारण ११० ग्रॅम. तो सगळा न जळता सुटला तर जवळपास ३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. उलट तोच गॅस जाळून जी ११० ग्रॅम एलपीजी वाचते, तिचा कार्बन डायऑक्साइड ३३० ग्रॅम. म्हणजे ११ टक्के गळती झाली की एलपीजी वाचवल्याचा सगळा फायदा पुसला गेला. पाच सेंमी फटीची टाकी त्या रेषेच्या पलीकडे आहे.

हाच कचरा डेपोवर दबून कुजला असता तरी मिथेन झालाच असता, त्यामुळे संयंत्र तरीही फायद्यातच राहतं. पण ज्या घरात आधी नीट कंपोस्ट होत होतं आणि ते बंद करून गळकं संयंत्र बसवलं, तिथे हवामानाचं नुकसान होतं. हे स्पष्ट बोललं पाहिजे.

गोठेकरी

गोबरगॅसच्या जुन्या संयंत्रांत फटीवर उपाय होता. जशभाई पटेल यांच्या नमुन्यावरून खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या झाकणाची जी संयंत्रं देशभर नेली, त्यात विहिरीच्या आतल्या भिंतीला एक कडा काढतात. झाकण तिच्यावर टेकतं आणि कडेचे बुडबुडे आत ढकलले जातात. प्लॅस्टिकच्या टाकीत तशी कडा बसवता येईल का?

नळजोड

बसते, पण निम्मंच काम होतं. विहीर खोल असते, बरीचशी स्लरी कडेच्या खाली असते. आपल्या टाकीत उपडी टाकी जवळजवळ तळापर्यंत उतरते, त्यामुळे कडाही तळाशीच बसवावी लागते. तिच्या वर फटीत जी स्लरी राहते तिचा गॅस निघतच राहतो.

खात्रीचा उपाय पाण्याच्या सीलचा. तीन टाक्या लागतात: सर्वांत आत ७५० लिटरची पाचक टाकी, सर्वांत बाहेर १५०० लिटरची, दोन्हींच्या मधल्या जागेत साधं पाणी, आणि १००० लिटरची उपडी टाकी त्या पाण्यात वरखाली होते. स्लरी कुठेच हवेला उघडी नाही. गळती नाही, वास नाही, चिलटं नाहीत. पाण्यावर वापरलेल्या तेलाचा पातळ थर टाकला की बाष्पीभवन कमी होतं आणि डासही होत नाहीत. खर्च आणि जागा वाढते, शिवाय खुराकाचा आणि स्लरीचा पाइप दोन भिंतींतून न्यावा लागतो. तिथले चार जोड आधी नुसतं पाणी भरून दोन दिवस तपासा, मगच शेण टाका. पाचक टाकी लहान झाल्यामुळे खुराकही त्या प्रमाणात कमी करायचा.

दोन टाक्यांचं संयंत्र आधीच असेल तर निदान फट कमी करा आणि खुराकाच्या पाइपचं तोंड मध्यावर आणा. ताजा खुराक जिथे पडतो तिथे सगळ्यात जास्त गॅस निघतो.

गच्चीबाग

तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत १००० लिटरचं बसवता येईल का? ऊन भरपूर आहे, आणि स्लरी कुंड्यांना लगेच वापरता येईल.

नळजोड

स्लॅबच्या मधोमध अजिबात नको. भरलेलं संयंत्र १००० किलोच्या आसपास जातं आणि तळ एक चौरस मीटरचाही नसतो. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चल भार (माणसं, सामान यांचा) दर चौरस मीटरला १५० किलो धरतात. हे त्याच्या सहा-सात पट झालं. कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमच्या छेदावर, लोखंडी सांगाड्याने भार पसरवून आणि संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याने जमू शकतं. "पाण्याची टाकी ठेवतोच की" हे उत्तर नाही, त्या टाकीसाठी आराखड्यातच वेगळी सोय केलेली असते. शक्य असेल तर जमिनीवर.

गोठेकरी

सुरुवात कशी करायची ते सांगतो, कारण बहुतेकांचं पहिल्या महिन्यातच बिघडतं.

१००० लिटरच्या टाकीला १०० ते १५० किलो ताजं शेण. तेवढ्याच पाण्यात हाताने कालवून, काड्या-वैरण काढून टाकीत ओता, मग उरलेलं पाणी भरा. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघड्या पिंपात ठेवून क्लोरीन उडू द्या. आधीच चालू असलेल्या गोबरगॅसची स्लरी ४०-५० लिटर मिळाली तर सोनं समजा, तिच्यात मिथेन करणारे जिवाणू तयार असतात.

शेण कुठल्या जनावराचं ते विचारून घ्या. गेल्या दोन आठवड्यांत प्रतिजैविकाची इंजेक्शनं झालेल्या गाई-म्हशीचं शेण घेऊ नका. दगडी (कासेची सूज) झालेल्या दुभत्या जनावरात हे फार होतं. औषध शेणातून उतरतं आणि टाकीतल्या जिवाणूंना मारतं.

यानंतर दोन-तीन आठवडे काहीही टाकायचं नाही. उपडी टाकी गॅसने पहिल्यांदा वर आली की तो गॅस जाळायचा नाही, मोकळ्या हवेत सोडून द्यायचा. त्यात हवा मिसळलेली असते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन हे मिश्रण स्फोटक असतं. दुसऱ्यांदा वर आल्यावर, टाकीपासून दूर बर्नरवर पेटवून पाहा. ज्योत टिकली की खुराक सुरू: पहिला आठवडा रोज २०० ग्रॅम, दुसऱ्या आठवड्यात ५००, तिसऱ्यात १ किलो, मग हळूहळू ३ किलो. घाई केली की टाकी आंबलीच म्हणून समजा.

मुठाकाठ

आंबण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण "बंद पडलं" म्हणतात त्यांतली बहुतेक संयंत्रं बिघडलेली नसतात, आंबलेली असतात.

टाकीत दोन टप्प्यांत काम चालतं. एका प्रकारचे जिवाणू अन्नाची आम्लं करतात, ते झपाट्याने वाढतात. दुसरे त्या आम्लांचा मिथेन करतात, ते फार सावकाश वाढतात. लग्नकार्याचं उरलेलं पाच किलो अन्न एका दिवशी ओतलं की पहिले त्यावर तुटून पडतात आणि आम्ल साचतं. सामू (पीएच) ६.५ च्या खाली गेला की दुसरे काम थांबवतात, मग आम्ल आणखी साचतं.

लक्षणं क्रमाने येतात. आधी ज्योत फिकी होते आणि भांड्याखालून उडून विझते. टाकी मात्र भरलेलीच दिसते, कारण गॅस येतोय पण तो कार्बन डायऑक्साइड आहे. मग स्लरीला शिरक्याचा, आंबट वास येतो. शेवटी टाकी उचलायची थांबते. पहिल्या लक्षणालाच हात घालायचा.

सामू मोजायच्या पट्ट्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. ६.८ ते ७.५ ठीक. ६.५ ते ६.८ असेल तर खुराक निम्मा करा. ६.५ च्या खाली असेल तर:

१. खुराक पूर्ण बंद, किमान ५ ते ७ दिवस.
२. खायचा सोडा २५० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून, रोज एकदा, तीन दिवस. १००० लिटरला पाऊण किलो सोड्याचं सोडियम जिवाणूंना बाधत नाही.
३. चौथ्या दिवशी १० ते २० लिटर ताज्या शेणाचा काला.
४. सामू ७ वर आल्यावर पुन्हा २०० ग्रॅमपासून सुरुवात.

लोक चुना टाकतात. चालतो, पण हात सैल सुटला की सामू एकदम उसळतो. शिवाय चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा खडा तळाशी बसतो. सोडा सौम्य आहे.

चुलांगण

काय टाकू नये याची यादी इथेच जोडतो.

लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या साली: त्यांतलं तेल जिवाणूंना मारक. नागपूरकडे हिवाळ्यात हे विशेष सांभाळा. कांदा-लसणाची सुकी फोलपटं, नारळाची शेंडी, करवंटी, आंब्याच्या कोयी, उसाचं चिपाड, कडीपत्त्याच्या काड्या, अंड्याची टरफलं, हाडं: एकतर कुजत नाहीत, नाहीतर तवंग होऊन वर तरंगतात. लोणच्याचा खार नको. भांड्याचा साबण, फिनाइल तर अजिबात नको. खरकटं पाणी घ्यायचं ते साबण लावण्याआधीचं.

तेलकट पदार्थ थोडे चालतात, गॅसही भरपूर देतात, पण तळणीचं तेल थेट ओतू नका. चहाचा चोथा कंपोस्टमध्ये टाका, इथे त्याचा उपयोग कमी. भाताची पेज, नासकं ताक, पनीरचं पाणी, गिरणीतलं झाडलोटीचं पीठ, करंजाची पेंड, काळी पडलेली केळी हे सगळं उत्तम. तुकडे एक सेंमीच्या आत. हाताने कुस्करलं तरी चालतं, मिक्सर लागतोच असं नाही.

पाणी: ३ किलो खुराकात मिसळून एकूण १२ लिटर करा. पाचक टाकीत साधारण ८५० लिटर स्लरी असते, म्हणजे खुराकाला आत सत्तर दिवस मिळतात, भरपूर झाले. या पाण्यातलं निम्मं बाहेर पडलेल्या स्लरीचं वापरलं तर पाणी वाचतं आणि धुवून निघालेले जिवाणू परत आत जातात. पूर्ण स्लरीच फिरवू नका, क्षार साठतात.

वैनगंगा

तापमानाचा विषय अजून आला नाही. जिवाणूंना ३० ते ३७ अंश मानवतं. स्लरी २० च्या खाली गेली की गॅस निम्म्याच्याही खाली येतो. १०-१२ ला जवळजवळ थांबतो. नाशिक, पुणे आणि पूर्व विदर्भात डिसेंबर-जानेवारीत हे हमखास होतं. तेव्हा खुराकही निम्मा करा. थंडीत पूर्ण खुराक चालू ठेवला तर न पचलेलं साठतं आणि फेब्रुवारीत ऊन वाढलं की टाकी एकदम आंबते.

उपाय साधे आहेत. टाकी दक्षिणेच्या उन्हात ठेवा, उत्तरेच्या बाजूने भाताचा पेंढा भरलेली पोती लावा, खुराक कालवायला सौर बंबाचं कोमट पाणी घ्या, ४० अंशांच्या वर नको.

उलट आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ ला जाते आणि काळी टाकी त्याहून तापते. स्लरी ४० च्या वर राहिली की हे जिवाणू मंदावतात. मार्चअखेर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधायची आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर काढायची.

ज्योत

बर्नर आणि दाबाबद्दल. एलपीजीची शेगडी जशीच्या तशी जोडून "गॅस पेटत नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते.

एलपीजीचा रेग्युलेटर जवळपास ३० सेंमी पाण्याएवढा दाब देतो. उपडी प्लॅस्टिक टाकी २० किलोची आणि तिचा व्यास १०० सेंमी असेल तर दाब मिळतो अडीच सेंमी. एवढ्यावर ज्योत मलूल राहते. टाकीवर ४० किलो वजन ठेवलं की दाब साडेसात सेंमीपर्यंत जातो. साध्या १३-१४ विटा कडेने सारख्या अंतरावर ठेवा, एका बाजूला ठेवल्यात तर टाकी कलेल.

जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं) भोक एलपीजीला एक मिमीच्याही आत असतं. बायोगॅसला २ ते २.५ मिमी लागतं. २.२ मिमीला ८ सेंमी दाबावर तासाला साधारण ४५० लिटर गॅस जातो, चुलांगण यांचा ४० मिनिटांचा हिशेब त्याच्याशी जुळतो. हवाही कमी लागते: एलपीजीला पंचवीस-तीस पट, बायोगॅसला पाच-साडेपाच पट. म्हणून हवेची झडप बरीच बंद करून मग हळूहळू उघडायची, निळी ज्योत बर्नरला धरून राहिली की थांबायचं. ज्योत उचलली जात असेल तर हवा जास्त. पिवळी पडून भांडं काळं करत असेल तर हवा कमी. सगळ्यात सोपं म्हणजे भारतीय मानक ८७४९ प्रमाणे बनवलेली बायोगॅसची शेगडीच घेणं. जुन्या शेगडीचा जेट ड्रिलने मोठा केला असेल तर ती पुन्हा एलपीजीला कधीही जोडू नका.

पाइप १ इंची एचडीपीई (जाड प्लॅस्टिक) किंवा जीआय (जस्ताचा लेप दिलेलं लोखंड). बागेची पारदर्शक नळी उन्हाने कडक होऊन चिरते. गॅसबरोबर वाफ येते आणि रात्री पाइपात पाणी साठतं. ज्योत धपधप उडायला लागली की नव्वद टक्के वेळा कारण हेच. पाइपला मीटरमागे एक सेंमी उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी टी व कॉक बसवा, आठवड्यातून एकदा पाणी काढा.

गळती साबणाच्या फेसानेच शोधायची. काडी पेटवून पाहायची नाही. बायोगॅस एलपीजीसारखा जमिनीशी साठत नाही, जवळपास हवेइतकाच जड असतो आणि खोलीभर पसरतो. त्यामुळे स्वयंपाकघरात वरच्या बाजूला झरोका उघडा हवा. एक कॉक टाकीपाशी, एक शेगडीपाशी.

गच्चीबाग

कुजक्या अंड्यासारख्या वासाचं काय करायचं?

ज्योत

तो हायड्रोजन सल्फाइड. पितळी कॉक आणि बर्नर खातो, म्हणून गाळायलाच हवा. तीन इंची पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटी तुकडा, दोन्ही टोकांना काढता येणारी टोपणं, आत लेथवरचा गंजलेला लोखंडी कीस सैल भरलेला. गॅस खालून आत, वरून बाहेर. भांडी घासायची तारेची चकचकीत घासणी वापरू नका, ती स्टेनलेस स्टीलची असते आणि काहीच शोषत नाही. कीस साधा लोखंडीच हवा, आणि आधी पाण्यात भिजवून गंजवलेला. तेलकट असेल तर धुण्याच्या सोड्याने धुऊन मगच गंजायला ठेवा.

कीस काळा पडला की काढून उघड्यावर पसरला तर पुन्हा तांबूस होतो आणि दोन-तीनदा वापरता येतो. पण तो हवेत आल्यावर तापतो. ढीग करून ठेवला तर पेट घेऊ शकतो. पाण्याने ओला करून, फरशीवर पातळ पसरायचा, पालापाचोळ्यापासून लांब.

मुठाकाठ

गच्चीबाग, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. फ्लॅटमध्ये रोजचा ओला कचरा किलोच्या आत असेल आणि त्यात शिळं अन्न फारसं नसेल तर बायोगॅस नकोच. वर दिलेल्या आकड्यांनी त्यातून दहा मिनिटंही बर्नर चालणार नाही. त्यापेक्षा छिद्रं पाडलेल्या दोन पिंपांत कंपोस्ट: एक भाग ओला कचरा, आकारमानाने दोन भाग सुका पाला, मूठभर जुनं खत, आठवड्यातून दोनदा खालीवर. हातात घट्ट दाबून पाण्याचे थेंब गळले तर ओल जास्त, सुका पाला वाढवा. हवा खेळती राहिली की मिथेन फारसा होत नाही. चिखल झालेलं, काळं, घाण वास येणारं पिंप मात्र मिथेन सोडतं.

सोसायटीच्या आवारातला सुका पाला पोत्यांत भरून यासाठीच ठेवा. तो जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, साध्या जाळण्यालाही ५,००० रुपयांचा दंड आहे.

चुलांगण

सहमत. आणि सोसायटीत शंभरेक घरं असतील तर प्रश्न पुन्हा बदलतो. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' पद्धतीसारखी मोठी संयंत्रं विचारात घ्या. त्यात कचरा आधी दळून गरम पाण्यात हवेशीर टाकीत पचवतात आणि मग मिथेनच्या टाकीत सोडतात. पण त्याला रोज पाहणारा पगारी माणूस आणि काटेकोर वर्गीकरण हवं. एका घराने सॅनिटरी पॅड किंवा दुधाच्या पिशवीचा कोपरा टाकला की दळणयंत्र थांबतं.

गोठेकरी

कुणी संडास जोडायचं विचारेल म्हणून आधीच लिहितो. तंत्र जुनं आहे: मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याचा गॅस वापरात आणला होता. देहूच्या डॉ. मापुसकरांनी बायोगॅसला जोडलेल्या संडासांवर आयुष्यभर काम केलं, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण वर वर्णन केलेल्या उघड्या फटीच्या प्लॅस्टिक टाकीला संडास जोडायचा नाही. रोगजंतूंसाठी बंद, जमिनीखालचं बांधकाम लागतं. शिवाय माणशी रोज ३० लिटरच्या आसपासच गॅस मिळतो. स्लरीही पालेभाजीला थेट वापरता येत नाही.

स्वयंपाकघराच्या स्लरीचं तसं नाही. ती एकास पाच पाणी घालून कुंड्यांना, वाफ्यांना चालते. जास्त दिवस उघड्या पिंपात साठवू नका, तिच्यातूनही थोडा मिथेन निघत राहतो. जास्त असेल तर सुक्या पाल्यावर ओतून कंपोस्ट करा.

गच्चीबाग

मनापासून आभार, कंपोस्टच करते. एक शेवटचं, गावी बहिणीकडे दोन टाक्यांचं संयंत्र आहे. दिवाळीत ते सगळे पंधरा-वीस दिवस बाहेर जाणार आहेत. टाकी मरेल का?

नळजोड

मरणार नाही. तीन आठवडे उपाशी राहिले तरी मिथेनचे जिवाणू टिकतात. काळजी गॅसची घ्यायची. टाकी पूर्ण भरली की जादा गॅस कडेखालून बुडबुडत हवेत जातो आणि वापरणारं कुणी नसेल तर दिवसेंदिवस जात राहतो. म्हणून निघायच्या चार-पाच दिवस आधी खुराक बंद करायला सांगा आणि रोज टाकी पूर्ण खाली बसेपर्यंत गॅस जाळायचा. फराळाची भाजणी भाजायला, कडधान्यं उकडायला वापरता येईल. शेजारी कुणी शेगडी पेटवायला तयार असेल तर आणखी उत्तम.

निघताना शेगडीकडचा आणि टाकीकडचा दोन्ही कॉक बंद, टाकीवरच्या विटा काढून ठेवायच्या. फटीत पाणी कमी दिसलं तर कडेपर्यंत भरून घ्यायचं. परतल्यावर आधी उपडी टाकी हाताने दोन्ही बाजूंना अर्धा फेरा फिरवा म्हणजे वाळलेला तवंग फुटेल. पहिले तीन दिवस रोज अर्धा किलो भात पुरे. ज्योत निळी आली की आठवडाभरात नेहमीच्या खुराकावर या.